तीन रेघांची भिंत

पूर ओसरला की भिंतीवर रेघ राहते. रेघेखाली गाळाचा करडा थर, वर भिंतीचा जुना रंग आणि मधे बोटभर जाडीची काळपट कड. गल्ली चढाची असो, घरांची जोती वरखाली असोत, ही कड एकाच पातळीत सगळ्यांच्या घरांवरून जाते. कुणाच्या उंबऱ्यावरून, कुणाच्या खिडकीच्या गजांमागून, कुणाच्या देवघराच्या कोनाड्यातून. पाण्याइतकं सपाट दुसरं काही नसतं. म्हणून तर गवंडी पातळी धरायला नळीत पाणीच भरतो.

कोल्हापुरात पंचगंगेच्या अंगाला, शुक्रवार पेठेकडे राहणाऱ्या माणसांना ही रेघ वाचता येते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तालीम आहे, जुनी, दगड-चुन्यात बांधलेली. तिच्या नदीकडच्या भिंतीवर अशा तीन रेघा आहेत. गुडघ्याजवळची 2005 ची. दाराच्या चौकटीच्या माथ्याशी 2019 ची. तिच्यावर वीतभर अंतर सोडून 2021 ची. राजाराम बंधाऱ्यावरची मोजपट्टी हेच फूट-इंचांत सांगते. तिथं 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये नदी 55 फुटांच्या वर गेली आणि 2021 च्या जुलैमध्ये 56 च्याही वर. हे आकडे पावसाळाभर प्रत्येकाच्या मोबाइलवर फिरत असतात. पण गल्ली पाणी मोजते ते स्वतःच्या खुणांनी. पाणी पात्राबाहेर पडलं. घाटावरच्या दीपमाळा बुडाल्या. जामदार क्लबपाशी आलं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, म्हणजे आता रात्र जागायची. आणि मग कुणीतरी ओरडतं, तालमीच्या पायरीला लागलं! तेव्हा बायका पदर खोचून उठतात.

या भिंतीवर गल्लीतल्या पोरापोरींनी मिळून चित्र काढायचं असं ठरलं आहे. भिंतीवर चित्राची अजून एक रेषाही उमटलेली नाही. तरी मला आत्ताच लिहावंसं वाटतं आहे, कारण सार्वजनिक चित्र म्हटलं की लोक रंग लागल्यानंतरचा फोटो बघतात. आणि त्याआधीच्या बैठका, वाद, घरोघरच्या फेऱ्या, चुन्याच्या डब्याभोवतीची चर्चा, यातलं काहीच कुणाला दिसत नाही. माझ्या मते चित्र तिथं तयार होतं. भिंतीवर ते नंतर उतरतं.

मी घरी चित्रकलेचे वर्ग घेते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणारी मुलं येतात. स्थिरचित्राला तांब्या आणि दोन फळं, स्मरणचित्राला भाजीमंडई नाहीतर बसस्टँड. या मुलांनी पूर पाहिला आहे, त्यातून बोटीने बाहेर पडली आहेत, शाळेच्या वर्गात सतरंजीवर रात्री काढल्या आहेत. पण स्मरणचित्राच्या कागदावर त्यांनी कधी पूर आणला नाही. विषय दिला तरच माणसाला आठवायची परवानगी मिळते की काय, असं मला वाटत राहिलं.

तालमीतल्या पोरांनी येऊन दार वाजवलं ते वेगळ्याच कारणासाठी. "ताई, भिंत लई रिकामी दिसत्या. रंगवू या की." त्यांच्यात एक गोलकीपर होता, एक दिवसभर घरपोच डबे आणि पार्सलं पोहोचवणारा, एक आयटीआय करणारा, आणि त्यांच्या मागे कला महाविद्यालयात शिकणारी गल्लीतलीच एक मुलगी, जिने भावाला पुढे घातलं होतं पण डोक्यात सगळा बेत तिचाच होता. 2019 साली ही सगळी दहा-बारा वर्षांची होती.

ज्याला तालीम म्हणजे फक्त कुस्तीचा आखाडा वाटतो, त्याला कोल्हापूरची पेठ कळायला वेळ लागेल. आत हौद्यात लाल माती असते, मारुती असतो, पण बाहेरच्या पायरीवर गल्लीचा कारभार चालतो. गणपतीची वर्गणी, रक्तदान, कुणाच्या दवाखान्याचा खर्च, फुटबॉलच्या संघाची जर्सी, सगळं इथं ठरतं. शाहू महाराजांनी कुस्तीला जो आधार दिला, 1912 साली खासबागेचं मैदान बांधलं, त्यातून वाढलेल्या या तालमी पुढे पेठांच्या फुटबॉल संघांच्याही आया झाल्या. पुरात याच पोरांनी जेवणाची पातेली चढवली, व्हाइट आर्मी या बचाव पथकाच्या जवानांबरोबर म्हाताऱ्यांना खांद्यावर आणलं. तेव्हा या पोरांना 'सहभाग' शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. गरज आहे ती त्यांच्यावर निर्णय सोपवण्याची. हे मला मनापासून वाटतं आणि पुढचं सगळं मी याच एका गोष्टीसाठी सांगते आहे.

पहिली बैठक तालमीच्या पायरीवर झाली. काय काढायचं? शाहू महाराज, हे पहिलं उत्तर. शिवाजी महाराज, दुसरं. वाघ. मेस्सी. मेस्सीवरून लगेच दोन तट पडले, कारण वर्ल्डकपच्या दिवसांत आमच्या रस्त्यांवर दोन-दोन मजली कटआउट उभे राहतात आणि ते भांडण त्यांच्यात कायमचं आहे. तालमीतले वयस्कर वस्ताद म्हणाले, मारुती काढा, दुसरं काय शोभतंय? मला यातलं एकही उत्तर हसण्यावारी न्यावंसं वाटलं नाही. माणूस आपल्या दारावर ज्याचा आधार वाटतो त्याचं चित्र काढतो. पण ही सगळी चित्रं आमच्याकडे आहेत, जागोजाग आहेत, आणि सुंदर आहेत. या भिंतीलाच सांगता येईल असं काय आहे, एवढंच मी विचारलं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग गोलकीपर म्हणाला, "अन् ह्या रेघा? त्या पुसायच्या व्हय?"

"पुसायच्या न्हाईत," वस्ताद म्हणाले. "त्या हाईत म्हणून माणूस सामान वर टाकतंय. नवा भाडेकरू आला की मी त्याला आधी भिंत दावतो."

चित्र तिथं सुरू झालं.

*

कोल्हापूरला कलापूर म्हणायची आपल्याला सवय आहे. ते म्हणताना एकेकट्या मोठ्या माणसांची नावं डोळ्यांपुढे येतात, आणि त्यांचं मोठेपण खरंच आहे. पण मुलांना मी सांगितलं ते दुसरं. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले दोघे, नात्याने भाऊ, ज्यांना पुढे जग पेंटर म्हणून ओळखू लागलं, ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, जंगल, रस्ता, नदीकाठ. रंगमंचाच्या रुंदीचं कापड एकट्याच्या हाताने रंगत नाही. कुणी रंग घोटणारा, कुणी सूत मारणारा, कुणी नुसतं आकाश भरणारा. दोघा भावांना पुढे सिनेमाने झपाटलं. 1916 साली आनंदराव गेले, बाबूरावांनी कॅमेऱ्याची खटपट सोडली नाही, आणि त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तानीबाई कागलकरांनी पैशाचा हात दिला. 1920 साली 'सैरंध्री' आला. दामले, फत्तेलाल, शांताराम ही माणसं त्याच कंपनीत घडली, आणि तिथं पडेल ते काम करायची रीत होती. ज्याने सकाळी पडदा रंगवला त्याने दुपारी सामान उचलावं, संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर उभं राहावं. 1929 मध्ये याच मंडळींनी कोल्हापुरात प्रभात सुरू केली. भारतीय सिनेमाच्या इतिहासातलं हे पान माझ्या दृष्टीने गल्लीतल्या पोरांनी मिळून केलेल्या कामाचं पान आहे.

आबालाल रहिमानांची गोष्टही मी सांगितली, आणि ती सांगताना पोरं गप्प झाली. जे. जे.त शिकून परत आलेला हा चित्रकार मुंबईत राहिला नाही. कोटितीर्थाच्या काठी राहून रंकाळा, संध्यामठ, इथली झाडं, इथला उजेड रंगवत राहिला. शाहू महाराजांचा त्याला आधार होता. 1922 साली महाराज गेले, तेव्हा दुःखाने आबालालांनी आपली असंख्य चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. 1931 मध्ये तेही गेले. "म्हंजे पाण्यानं तवाबी चित्रं नेली," पार्सलवाला पोरगा म्हणाला.

आगीनेही नेलं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून बांधलेलं, 1915 पासून उभं असलेलं, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. रस्त्यावर माणसं रडत उभी होती. त्यांत नाटकवाले होते तसे कधी नाटकाचं तिकीट न काढलेलेही होते. ते का रडत होते याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या वास्तूत त्यांचं शाळेचं गॅदरिंग झालं होतं, वडिलांनी तिथं पडदा ओढला होता, आजीने लांबून का होईना गाणं ऐकलं होतं. सार्वजनिक म्हणजे काय, हे त्या रात्री राखेजवळ उभं राहून समजत होतं. आणि हेच शहर 6 मे 2022 ला, महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, सकाळी 10 वाजता शंभर सेकंद जागच्या जागी उभं राहिलं होतं. चौकातल्या गाड्या, भाजीवाल्या, शाळेतली पोरं, सगळे. रंग नाही, ब्रश नाही, आणि तरीही कोल्हापूरने मिळून केलेली ती एक मोठी कलाकृती होती, असं मी मानते.

*

भिंतीसाठी आम्ही एकच प्रश्न ठरवला आणि मुलं दोन-दोनच्या जोडीने घरोघर गेली. पाणी आलं तेव्हा घरातनं पहिल्यांदा काय उचललासा?

प्रश्न कला महाविद्यालयातल्या त्या मुलीने घडवला. पूर कसा होता, काय वाटलं, असं विचारलं की माणसं बातमीत बोलतात तसं बोलतात, असं तिचं म्हणणं. वस्तू विचारली की हात आठवतात. ती म्हणाली, "मी जातो पुढं, बायका माझ्याशी बोलतील," आणि खरंच पुढे गेली.

उत्तरं वहीत लिहून आणली. गॅसची टाकी आणि शेगडी, हे बऱ्याच घरांत. देव्हाऱ्यातले टाक, ओढणीत गुंडाळून. शाळा सोडल्याचे दाखले, रेशनकार्ड, घराचा उतारा, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत. ती पिशवी आता बाराही महिने खुंटीला टांगलेली असते. शिलाई मशीनचं नुसतं डोकं, कारण पाय जड होते आणि दिवाळीची गिऱ्हाइकं त्या डोक्यावर अवलंबून होती. वर्षाच्या तिखटाची बरणी. गंगावेशीच्या कट्ट्यावर दूध घालणाऱ्या घरात म्हैस आधी निघाली, माणसं मागनं. एका पोराने फुटबॉलचे बूट गळ्यात अडकवले आणि वडिलांचा भिंतीवरचा फोटो राहिला. हे सांगताना त्याने वर पाहिलं नाही, आणि लिहून घेणाऱ्यानेही पाहिलं नाही. एका मुलीचं मांजर माळ्यावर राहिलं. ते पुढे सापडलं की नाही हे तिने सांगितलं नाही, आणि वहीत तेवढी ओळ अर्धीच आहे.

सगळ्यांत वरच्या आळीतल्या आजीचं उत्तर ऐकून मी वही खाली ठेवली. तिने केरसुणी उचलली होती. सगळे घाईत दाखले शोधत होते, आणि ही केरसुणी काखेत धरून बोटीत बसली. लोकांनी विचारलं, आजी, हे काय? ती म्हणाली, परत यायचं न्हाई व्हय? गाळ काय हातानं काढू?

मुलं शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतही जाऊन आली. आमची पेठ नव्हे ती, पण पाणी तेच. 2019 ला ऑगस्टच्या सुरुवातीला पूर आला आणि गणेश चतुर्थी होती 2 सप्टेंबरला. कारखाने मूर्तींनी भरलेले. किती मूर्ती वर सरकवणार? एकाने सांगितलं, रंग झालेल्या वर घेतल्या, आखणी व्हायची होती त्या राहिल्या. आखणी म्हणजे डोळे. डोळे न उघडलेल्या मूर्ती पाण्यात विरघळून गेल्या, एवढं ऐकून गोलकीपर परत आला, आणि दोन दिवस भिंतीविषयी काही बोललाच नाही.

या वहीतून चित्राची मांडणी निघाली. मी ती सुचवली नाही, हे मला मोठ्या आनंदाने सांगावंसं वाटतं. तिन्ही रेघा आहेत त्याच उंचीवर ठेवायच्या, रंगाने ठळक करायच्या, शेजारी साल लिहायचं. माप खरं राहिलं पाहिजे, कारण वस्तादांना भाडेकरूला भिंत दाखवायची आहे. रेघांखाली जे गेलं ते. रेघांवर हात, आणि हातात ज्याने जे उचललं ते.

चेहरे नाहीत. यावर पुष्कळ वाद झाला. पण आयटीआयवाला पोरगा मुद्द्याचं बोलला. चेहरा काढला की कुणाचा काढला आणि कुणाचा राहिला यावरून गल्ली वर्षभर बोलत नाही. हात सगळ्यांचे सारखे. मुलीने त्याला दुरुस्त केलं, सारखे नाहीत. मनगटावरचं गोंदण, हिरव्या बांगड्या, घड्याळाच्या पट्ट्याखालची पांढरी कातडी, पैलवानाची जाड बोटं. तेव्हा खरे हातच घ्यायचे ठरलं. वर्तमानपत्रावर हात ठेवायचा, कोळशाने कडा फिरवायची. हे काम अजून चालू आहे. संध्याकाळी ओट्याओट्यावर कागद पसरलेले असतात. आजीने आधी हात पदराखाली घेतला, संधिवाताने बोटं वाकडी झाली आहेत म्हणून. नातीने तो बाहेर काढला आणि वाकड्या बोटांसकट कडा फिरवली. केरसुणी त्या बोटांतच शोभेल, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

*

आमच्या गल्लीत एक पेंटरकाका राहतात. फ्लेक्स येण्याआधी त्यांनी सिनेमाचे बॅनर रंगवले, दुकानांच्या पाट्या लिहिल्या, ट्रकच्या मागे मोर काढले. फ्लेक्स आला आणि त्या पेशातल्या पुष्कळ हातांचं काम गेलं. मुलं त्यांना बोलवायला गेली तेव्हा त्यांनी आधी भिंतीला हात लावून पाहिला. मग नखाने थोडा गिलावा खरवडला आणि जिभेला लावला. खारट आहे, म्हणाले. लोणा आहे.

त्यांचं म्हणणं असं की या भिंतीला ऑइलपेंट किंवा प्लास्टिकचा रंग लावायचा नाही. दगड-चुन्याची भिंत पाणी पिते आणि सावकाश सोडते. वरून रंगाचा घट्ट पापुद्रा दिला की आतली ओल अडते, क्षार साठतात, आणि एका पावसाळ्यात रंग फुगून पोपडे येतात. तेव्हा चुना. भट्टीचा चुना भिजवून मुरवायचा, ओल्या भिंतीवर पातळ हात द्यायचे, एक वाळत आला की दुसरा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो. त्यात मिसळलेला रंग मग वेगळा थर राहत नाही, भिंतीचाच भाग होतो. मात्र चुन्याच्या दाहकपणाला टिकतील असेच रंग हवेत. गेरू, पिवळी माती, काजळी. झगमगीत रंग चुना खाऊन टाकतो.

हे ऐकून एकाच्या डोक्यात आलं, हौद्यातली लाल माती घेऊ. सगळे उठलेच. काकांनी थांबवलं. हौद्यातल्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू गेलेलं असतं, ती भिंतीला धरणार नाही. हौद्यात टाकायच्या आधीची कोरी माती आणा, चाळा, पाण्यात निवळा, वरची मऊ तेवढी घ्या. आणि रेघांखालचा रंग? त्यासाठी नदीचा गाळ. घाटाजवळचा गाळ आणून त्याच पद्धतीने निवळून पाहिला. चुन्यात तो थंड करडा-तपकिरी उतरतो. ज्या रंगाने घरं झाकली होती त्याच रंगाने चित्राचा तळ भरायचा, हे बायकांना आवडेल की नाही याची मला धास्ती होती. त्यांनी नमुन्याची पट्टी पाहिली. एक जण म्हणाली, व्हय, ह्योच. तेवढंच.

काका आता पोरांना ग्राफ पाडायला शिकवतात. लहान कागदावर चौकोन, भिंतीवर त्याच हिशोबाने मोठे चौकोन, सूत गेरूत भिजवून ताणून मारायचं. हातांसाठी मात्र ग्राफ नाही, छापा. कागदावरच्या कडेला टाचणीने भोकं पाडायची, कागद भिंतीला धरायचा, वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थापटायची. भिंतीवर ठिपक्यांचा हात उमटतो, मापात, जिचा आहे तिच्या वाकड्या बोटांसकट. त्यांनी हे बोलत बोलत करून दाखवलं तेव्हा पोरं आपोआप त्यांच्याभोवती उकिडवी बसली. मी नुसती बघत होते. माणसाचं शिकलेलं पुन्हा कुणाला तरी हवं होतं.

*

एका बैठकीत मी ज्युडिथ बाका या अमेरिकी चित्रकर्तीविषयी सांगितलं. लॉस एंजेलिसमध्ये पुराचं पाणी वाहून न्यायला बांधलेला एक काँक्रीटचा मोठा कालवा आहे, टुजुंगा वॉश. त्याच्या भिंतीवर 1976 पासून पुढे अनेक उन्हाळे तिने शहराचा इतिहास रंगवला, सुमारे अर्धा मैल लांब. पुस्तकांत न आलेल्या माणसांचा इतिहास, मूळ रहिवाशांचा, स्थलांतरितांचा, कामगारांचा. आणि रंगवणारी होती चारशेहून जास्त मुलंमुली, त्यांतली काही पोलिसांच्या वहीत नाव लागलेली. आधी माणसांना विचारायचं, माहिती काढायची, मग चित्र बसवायचं, ही तिची रीत. पुराच्या कालव्यात काढलेलं चित्र म्हटल्यावर आमची मुलं मोबाइलवर ते फोटो मोठे करून बघू लागली.

पार्सलवाल्याने विचारलं, "त्या पोरांना पैसे मिळत होते का?"

मिळत होते. आणि मला वाटतं त्याने आमच्या सगळ्या तयारीतला सर्वांत गंभीर प्रश्न विचारला. गल्लीचं काम, कलेचं काम, म्हणून तरुणांचा दिवस फुकट घ्यायची आपल्याला सवय आहे. ज्याच्या घरात रोजचा पगार लागतो तो मग आपोआप अशा कामातून गळतो आणि चित्र उरतं फक्त सवड असलेल्यांचं. सहभागाच्या गप्पा मारून आपण नेमक्या त्यालाच बाहेर ठेवतो. तालमीच्या पायरीवर हे मी बोलले, आवाज जरा चढवून बोलले. वर्गणीतून रंगाआधी मजुरी बाजूला काढायची, ज्याची रोजी बुडेल त्याला ती मिळेल, आणि काकांनाही, हे वस्तादांनी त्याच रात्री वहीत लिहून घेतलं. पार्सलवाला लाजून म्हणाला, मला नको, मी असाच येतो. त्याला कुणी ऐकलं नाही.

वेळापत्रक बसवणं हीच एक कलाकुसर झाली आहे. पावसाळ्यानंतर भिंत नीट सुकायला हिवाळा उजाडतो. तोवर शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू, गोलकीपर आणि त्याचे निम्मे सोबती दुपारी मैदानात. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा. एप्रिलला वळीव. चुन्याला कडक ऊन नको, तो करपतो आणि पावडर होऊन झडतो. भिंतीचं तोंड पश्चिमेला, म्हणजे सकाळी तिच्यावर सावली. तेव्हा संक्रांतीनंतर रोज सकाळी, ऊन फिरेपर्यंत, असं ठरलं आहे. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात अर्ज द्यायचा आहे, त्याला चित्राचा कच्चा आराखडा जोडायचा आहे, आणि तो आराखडा कला महाविद्यालयातली मुलगी करते आहे. तिने सगळ्यांत खालची दोन फुटांची पट्टी मोकळी ठेवली आहे. तिथं शाळेत न जाणाऱ्या वयाची पोरं आपले हात गाळाच्या रंगात बुडवून उमटवतील. ती पट्टी दर वर्षी झिजेल आणि दर वर्षी नवी पोरं ती भरतील, असा तिचा हिशोब आहे.

राहिला वरचा भाग. 2021 च्या रेघेच्या वर छपरापर्यंत चार-पाच फूट भिंत उरते. ती कोरी ठेवावी असं गोलकीपरचं मत. 2024 च्या जुलैमध्येही नदीने धोका पातळी ओलांडली होती, कुणास ठाऊक पुढचा आकडा कुठं जाईल. बायका खवळल्या. जागा ठेवू नका, पाण्याला आवतण कशाला देताय? दोन्ही बाजू मला पटत होत्या. तोडगा आजीने काढला, म्हणजे तिने तोडगा म्हणून काही सांगितलं नाही, तिने विचारलं, आपण गेलो कुठं ते कुठं काढलासा?

खरंच ते राहिलं होतं. कुणी शाळेत गेलं होतं, कुणी मंगल कार्यालयात, कुणी राजारामपुरीत मावशीकडे, कुणी ओळखपाळख नसलेल्या घरी, ज्यांनी रस्त्यावर येऊन हाताला धरून नेलं. आता वरच्या भागात ती घरं येणार आहेत, त्यांच्या दारांसकट, गच्च्यांसकट. पाणी किती चढलं ते खाली, माणसं कुठं राहिली ते वर. त्यासाठी त्या घरांची रेखाटनं हवीत, आणि ती बघूनच करायची, आठवून नाही.

येत्या रविवारी मुलं कागद-पेन्सिल घेऊन मंगळवार पेठेतल्या पहिल्या घरी जाणार आहेत. 2021 ला त्या घरात आमच्या गल्लीतली तीन बिऱ्हाडं राहिली होती. गोलकीपरने फोन करून परवानगी मागितली. काकूंनी चित्राचं काय ते नीट ऐकूनही घेतलं नाही. मिसळ किती जणांची करू, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. त्याने फोनवर हात ठेवून आमच्याकडे पाहिलं आणि मग सांगितलं, "सगळीच येतोय, काकू."